माझ्या पोटावरचा चार

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. पण मला टोक करायला जाऊ नका, नाक कापाल माझं. माझी मान पिळली की पोटातलं शिसं आपलं आपण पुढे सरकतं.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका लहानशा गावात एमिल कोलार यांची धान्याची वखार होती. नव्या वर्षाला ते गिऱ्हाइकांना माझ्यासारख्या पेन्सिली वाटत. माझ्या पोटावर लाल अक्षरांत छापलं होतं : कोलार धान्य वखार, फोन ४७. गावात फोनच मोजके, म्हणून नंबर इतका आटोपशीर.

मी अल्बिना नावाच्या शेतकरणीच्या वाट्याला आले. पाऊस किती पडला, अंडी किती मिळाली, कोणती गाय व्याली, हे ती रोज माझ्याकडून भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून घेई. एकदा वावटळीनं मला तिच्या खिशातून उचललं आणि तीन मैलांवर एका गाईच्या कानात खोचलं. गाईनं मान हलवून हलवून कुंपणाच्या सगळ्या फळ्या लिहून काढल्या. हसू नका, मी तिथे होते. अल्बिना म्हणे, "हिच्यावाचून माझं पान हलत नाही." मग बॉलपेन आले. तळघरातल्या कॉफीच्या डब्यात, खिळ्यांच्या सोबतीला माझी रवानगी झाली. खिळे बोलत नाहीत, मित्रांनो. वर वखार पडली, गाव उठलं, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

पन्नास वर्षांनी लिलावात तो डबा हार्लन सेडलाचेकनं घेतला. हा ऐंशीचा विधुर जुन्या पेन्सिली जमवतो आणि त्यांची वयं काढतो. फोनचा नंबर जितका छोटा, तितकी पेन्सिल जुनी, हा त्याचा ठोकताळा. त्याच्या लाकडी तबकात एक आकडी नंबराच्या पेन्सिलीची खाच एकोणीस वर्षं रिकामी होती. ती भरली, तर संग्राहकांच्या मेळ्यात त्याला मधलं टेबल मिळणार होतं. मधल्या टेबलाशी माणसं थांबतात, गप्पा मारतात. हार्लनचं टेबल नऊ वर्षं संडासाच्या दाराशी. तिथे थांबायला कुणाला सवड नसते.

मला उजळ करावं म्हणून त्यानं पॉलिशचा कपडा घेतला आणि प्रेमानं घासायला लागला. कुणी इतक्या मायेनं हात लावून जमाना झाला होता; मीही सुखावून गप्प पडले. कपडा उचलला, तर त्यावर लाल डाग. माझ्या पोटावर उरलं होतं : फोन ७.

एका घासण्यात मी वीस वर्षांनी म्हातारी झाले.

तेवढ्यात इंडियानाहून मार्जरीचा फोन आला. तीही पेन्सिलवेडी, आठवड्यातून एकदा हार्लनशी बोलणारं तेवढं एकच माणूस. नवीन काय, असं तिनं विचारलं. तो अडखळला. "सात... सात दिसतोय नंबर."

"मग भरली की तुझी खाच! या खेपेला मधे बसशील हो, टाय तेवढा धुऊन आण."

फोन ठेवून त्यानं मला रिकाम्या खाचेत ठेवलं. अगदी बेतानं बसले. तो बघत राहिला, त्याची कॉफी निवली. मग त्यानं पुन्हा फोन लावला.

"मार्जरी, आधी सत्तेचाळीस होता. चार मी घासून टाकला."

मग ती म्हणाली, "अरे गाढवा. जुन्या अक्षरांवर पॉलिश? आणि मला कशाला सांगितलंस? मला कुठे कळणार होतं?"

"हिला माहीत आहे ना," हार्लन माझ्याकडे बघत म्हणाला.

त्यानं मला खाचेतून काढलं, पोटात नवं शिसं भरलं आणि माझ्याचकडून चिठ्ठी लिहून घेतली : 'मूळ नंबर ४७. चार माझ्या हातून पुसला गेला. हा. से.' पन्नास वर्षांतली माझी पहिली ओळ.

मेळ्यात आम्ही दाराशीच बसलो. दिवसभरात दोघं थांबले. त्यातल्या एकाला दार सापडत नव्हतं.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू चकचकीत करण्याआधी तिच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा आणि वहीत उतरवून ठेवा. आमचं गाव पुसलं गेलं, की आमच्या पोटावर तेवढंच ते उरतं.