पाचही अर्ज परत

माझ्या वहिनीने एकोणीस वर्षं एका कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात काढली. फी-माफी, शैक्षणिक कर्ज, वसतिगृहाची सवलत, मुलांचे जे जे अर्ज येत ते तिच्या टेबलावरून पुढे जात. खरं म्हणजे बरेचसे जात नसत. दाखला कमी, अर्ज परत. सही चुकीच्या जागी, अर्ज परत. 'यांच्या हातून अपुरा अर्ज कधी पुढे गेला नाही,' असं साहेबांनी निरोपाच्या पत्रात लिहून दिलं होतं, आणि ते पत्र तिने बॅगेत न टाकता विमानात मांडीवरच्या पर्समधून आणलं.

दादाची बदली या देशात झाली तेव्हा दोघं आमच्याकडेच उतरली. मी इथे पंधरा वर्षं राहते, त्यामुळे घरातली सर्वज्ञ मीच. दादाला नोकरी होती, टेबल होतं, गळ्यात अडकवायला ओळखपत्र होतं. वहिनीला मात्र प्रत्येक फॉर्मवर एकच रकाना मिळे: 'सोबत आलेली व्यक्ती'. तिसऱ्यांदा तो भरताना ती हळूच म्हणाली, "वन्सं, मी सामान आहे का हो?" मला टोचायचं असलं की ती वन्सं म्हणते, एरवी ताई.

चार महिन्यांत तिने वीसेक ठिकाणी अर्ज केले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काउंटरवरचं काम मात्र आपण होऊन चालून आलं. त्यात कमीपणा काही नाही, पहिली दोन वर्षं मीही तेच केलं. पण वहिनीचा जीव अडकला होता विद्यापीठाच्या विद्यार्थी अर्थसाहाय्य कार्यालयात. ते काम तिला झोपेतही आलं असतं. तिथून एकदाचं मुलाखतीचं बोलावणं आलं, शुक्रवारचं. दुकानदाराला उत्तर हवं होतं सोमवारी.

मग मी तिची तयारी घ्यायला बसले. इथे स्वतःविषयी भरभरून बोलावं लागतं, असं मी तिला बजावलं. ती म्हणाली, भरभरून बोलायला तुम्ही आहात की. मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि ठरलेला प्रश्न विचारला: एखाद्या विद्यार्थ्याला मदत केल्याचा प्रसंग सांगा. तिने बराच विचार केला.

"एकाचा अर्ज मी चार वेळा परत केला होता."

"अगं, ही मदत?"

दादाने पेपरातून डोकं न काढता सुचवलं, की पाचव्यांदा काय झालं ते सांग, तिथे मदत असेल.

"पाचव्यांदा तो आलाच नाही," वहिनी म्हणाली, आणि उठून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता.

शुक्रवारी मी तिच्याबरोबर गेले. आत ती, कार्यालयाच्या प्रमुख बाई आणि टिपणं घेणारा एक मदतनीस. बाहेर बाकावर मी, मनातल्या मनात नाम घेत. समोर मुलामुलींची रांग. जो तो हातातले कागद पुन्हापुन्हा मोजत होता. तासाभराने वहिनी बाहेर आली ती पडेल चेहऱ्याने. बसमध्ये बसल्यावर सगळं सांगितलं.

नमुन्याचे पाच अर्ज तिच्यापुढे ठेवले होते. सगळे परदेशातून नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांचे. अर्ध्या तासात ठरवायचं, कोणता मंजूर, कोणता नाही. वहिनीने पाचही परत केले. बाईंनी शांतपणे सांगितलं, की यातले दोन इथल्या नियमाने तात्पुरते मंजूर होतात, राहिलेला कागद महिन्याभरात आणून दिला तरी चालतो. असा नियम असू शकतो हेच वहिनीला माहीत नव्हतं. तिला वाटलं, संपलं.

पण प्रत्येक अर्जाला तिने एकेक चिठ्ठी टाचली होती. त्या चिठ्ठ्या बाईंनी वाचायला घेतल्या. एकीवर लिहिलं होतं: घराच्या पत्त्याचा पुरावा नाही. भाडेकरार नेऊ नका, मालकाची सही दोन्ही पानांवर नसली तर घेत नाहीत. विजेचं बिल नावावर यायला सहा आठवडे लागतात. तोवर बँकेचं पत्र चालतं. बँकेत मंगळवारी जा, त्या दिवशी चष्मेवाल्या बाई असतात, त्या हातोहात पत्र देतात. इतर दिवशीचे गृहस्थ आठवड्याने या म्हणतात. फोटो दोन न्या, एकच मागतील पण दुसरा लागतो.

बाईंनी विचारलं, हे सगळं कोणत्या पुस्तिकेत आहे?

"पुस्तिकेत नाही," वहिनी म्हणाली. "चार महिने मला प्रत्येक खिडकीवरून परत पाठवलंय. आधी मीही मुलांना नुसतं परत पाठवायची. पुढे कुठे जायचं ते सांगत नव्हते."

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. मुलाखतीत कोणी आपली चूक अशी ताटात वाढून देतं का? दादाही घरी तेच म्हणाला. शनिवार-रविवार वहिनीने दुकानाचा एप्रन कुठे मिळतो याची चौकशी केली आणि आमच्याशी फार गोड वागली. त्यावरूनच कळत होतं की तिला रडू येतंय.

सोमवारी सकाळी, ती दुकानात जायला निघाली असतानाच फोन वाजला. प्रमुख बाई स्वतःच बोलत होत्या, आणि मी शेजारी कान लावून उभी. सहा महिन्यांची तात्पुरती जागा, नवीन आलेल्या मुलांच्या खिडकीवर. मात्र एक अट होती. कधीकधी अपुरा अर्जही मंजूर करून पुढे पाठवावा लागेल. जमेल का?

ती नाही म्हणेल या भीतीने मी तिच्या दंडाला चिमटा काढायला हात पुढे केला.

"जमेल," ती म्हणाली. "पहिल्या दोन-तीन अर्जांना हात थरथरेल माझा. तेवढं सांभाळून घ्या."

पलीकडे बाई हसल्या असाव्यात, कारण वहिनीही हसली. फोन ठेवून तिने देवाला हात जोडले, मग मला वाकून नमस्कार करायला लागली. मी मागे सरले, वयाने ती मोठी. दादाने विचारलं, मला नाही का नमस्कार? ती म्हणाली, तुम्ही पेपर वाचा.

दुकानदाराला फोनवरून नकार देणं तिला बरं वाटेना. म्हणून चालत गेली आणि अर्ध्या तासाने परतली. बिचारा फार चांगला माणूस आहे म्हणाली, रागावला नाही, फक्त दुसरं कोणी माहितीतलं आहे का असं विचारलं.

"मग?"

"मी म्हटलं, आमच्या वन्सं आहेत. कामाचा अनुभव दोन वर्षांचा, आणि स्वतःविषयी बोलायला तर फारच हुशार. उद्या दहा वाजता बोलावलंय तुम्हाला."