तेराकाचा कंद

तेराकाच्या खड्ड्यातलं पाणी खारट झालं होतं, आणि हे त्याने पोटच्या पोरीलाही सांगितलं नव्हतं. अळूसारखा बाबाईचा कंद ज्यात पिकवतात, त्या खड्ड्यात कोणता पाला कुजवायचा, हे त्या बेटावर ज्याच्या त्याच्या घराण्याचं गुपित. दुसऱ्याच्या खड्ड्यात डोकावणं म्हणजे भांडण उकरून काढणं. त्यात हा शहाणा अकरा वर्षं एकाच कंदाची फुशारकी मारत होता. पोरीच्या, रोटियाच्या लग्नात तो मानेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, सगळ्यांसमोर कापायचा होता.

लग्न चार दिवसांवर आलं, तशी शेजारची तिरोआ विचारती झाली.

"काय रे, कंद उचलायला किती माणसं पाठवू?"

"सहा तरी पाठव. कंबर मोडेल एकेकाची!"

"आणि पाणी गोड आहे ना तुझ्या बाजूचं?"

"साखर आहे, साखर."

त्याच्या भरवशावर तिने आपली उरलेली पाच रोपं त्याच्या खड्ड्याला खेटून लावली. तेराकाने पाहिलं आणि तोंड मिटून बसला. लाज वाटली, पण बोलवेना.

लग्नाच्या सकाळी कंद उपटला, तर बुडाशी लगदा. रोटिया रडवेली झाली.

"बा, वरचा चांगला भाग तेवढा नेऊ. दुकानातून तांदूळ आणू. कुणाला कळतंय?"

"तिरोआच्या रोपांना कळेल," तो म्हणाला आणि कुजका कंद तसाच खांद्यावर घेतला.

मानेआबात आपल्या घराण्याच्या जागी बसून त्याने तो कापला. काळं, घाणेरडं पाणी चटईवर पसरलं.

"माझ्या खड्ड्यात समुद्र शिरलाय. तिरोआ, मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझी रोपं आजच काढून घे."

मान खाली घालून तो लोकांच्या हसण्याची वाट बघत राहिला. माडावरून कुणी पडला तरी आधी हसून घेणारं हे गाव! पण कुणीच हसलं नाही. म्हातारे आपापल्या चटईकडे बघत होते.

"कधीपासून?" तिरोआने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"माझ्या खड्ड्यात तीन," ती म्हणाली.

"आमच्यात चार," मागून कुणीतरी पुटपुटलं.

एवढी भीती तेराकाला वादळातही वाटली नव्हती.

"काढते रे रोपं," तिरोआ म्हणाली. "पण लावू कुठे?"