चौथा रकाना

“बाबा, तुम्ही ऑफिसात दिवसभर नक्की करता तरी काय?”

टकळीच्या मैत्रिणींनी पैजच लावली होती: तुला ठाऊकच नाही, विचारून दाखव! शनिवारी वर्गात एका पालकाने येऊन आपल्या कामाबद्दल बोलायचं होतं. टकळीने फॉर्मवर बेधडक मामाचं नाव टाकलं होतं. मामा अग्निशमन दलात. बाबा आपले ‘कॉम्प्युटरवाले’.

बाबांचा घास हातातच राहिला. चेहरा मात्र उजळला.

“आमची तीन सॉफ्टवेअरं. दातांच्या दवाखान्याचं, गॅरेजचं, सलूनचं. तिन्हींची माहितीपत्रकं वाचून सारखं काय ते मी शोधतो. वेळ ठरवणं, आठवण करून देणं. एकदाच बनवायचं, तिन्हीकडे वापरायचं.”

“म्हणजे कॉपी!”

“छे! मागे एकाने गॅरेजचा निरोप जसाच्या तसा दवाखान्याला लावला. दात काढलेल्या सगळ्यांना मेसेज: आपली गाडी तयार आहे, घेऊन जावी.”

आईला ठसका लागला. “अहो, गेलं का कुणी?”

“एक आजोबा गेले. गाडी नव्हती त्यांच्याकडे, तरी गेले.”

टकळी हसून हसून लोळायची बाकी होती. काम कसं चालतं ते दाखवायला बाबांनी जुन्या पाकिटावर तीन रकाने आखले: आजी, म्हणजे आईची आई, मग आई, मग टकळी.

“दार आपटणे. तिघींत आहे. फरक एवढाच, आजी पुन्हा उघडून उरलेलं बोलते, आई आतून कडी लावते...”

“मी कुठे आपटते?” टकळी ताडकन उठली. खुर्ची धाडकन आडवी.

“खुर्ची पाडणे. फक्त हिच्यात.” बाबांनी शांतपणे लिहिलं. “हरल्यावर ‘मला काय करायचंय’ म्हणणे...”

“मला काय करायचंय! लिहा हवं ते!” आई फणकारली.

बाबांनी बरोबरची खूण केली.

मग पाकीट उलटं ठेवत म्हणाले, “पुरे. मामालाच ने गं शनिवारी. त्याच्याकडे बंब आहे.”

म्हणजे फॉर्म त्यांनी पाहिला होता. टकळीने पाकीट ओढलं. तीन रकाने, आणि आखणाऱ्याचा एकही नाही.

तिने चौथा आखला. वर लिहिलं, ‘बाबा’. खाली: ‘कुणी विचारेपर्यंत न सांगणे. फक्त यांच्यात.’

मग फॉर्मवरचा मामा तिने आडव्या रेघेने खोडला.

“आई, बाबा, ऐका. माझं ठरलंय. शनिवारी बाबा येणार. आणि ते आजोबा सांगायचेच!”