बिल्ल्यांचा पोळा

आमच्या नगरपालिकेला सुरक्षेचा पुळका आला तो ब्याण्णव सालच्या श्रावणात. त्याआधी वर्षभर गावात इंजिनाच्या सायकली फिरत होत्या, पण कुणाच्या पोटात दुखलं नव्हतं. कपाशीवर औषध फवारायच्या पंपाचं पेट्रोलचं छोटं इंजिन काढायचं, सायकलीच्या मागच्या चाकाला पट्ट्याने जोडायचं, की झाली इंजिनाची सायकल. दूधवाल्यांनी ती सगळ्यात आधी घेतली. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवायच्या आणि फटफट करत बाजार गाठायचा. वेग मोटारसायकलीचा आणि ब्रेक मात्र तेच, साध्या सायकलीचे, रबराचे दोन तुकडे.

गावाचं नाव सांगत नाही. पाचोऱ्याच्या अलीकडे रेल्वेलाइनवर आहे, एवढं पुरे. लाइनवर पूल आहे, आणि पूल संपतो तिथून रस्ता जो घसरतो तो थेट बाजाराच्या तोंडाशी. त्याच तोंडाशी आमची नगरपालिकेची मुलींची शाळा. मी तिथे चौथीच्या वर्गावर होते. शाळा सुटायच्या वेळी वरून फटफट ऐकू आली की मी फाटकात आडवी उभी राहायचे आणि सायकल गेल्याशिवाय एकाही पोरीला बाहेर सोडायचे नाही. याबद्दल मी नगरपालिकेला किती वेळा सांगितलं ते सोडा. प्रत्येक वेळी उत्तर एकच. ही सायकल आहे की गाडी, हेच अजून ठरलेलं नाही. गाड्यांच्या कचेरीतले म्हणत सायकल आहे, नगरपालिकेतले म्हणत गाडी आहे. पोरीच्या अंगावर आली तर ती काय असेल, हे मात्र दोघांपैकी कुणी सांगत नव्हतं.

मग एकदम नियम आला. रिक्षाला भोंगा लावून गावभर पुकारलं. इंजिनाच्या प्रत्येक सायकलीची नगरपालिका तपासणी करील, दिवा, घंटी, ब्रेक सगळं बघील आणि पितळी बिल्ला देईल. बिल्ला नसलेल्या सायकलीला बाजारात यायची बंदी. ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली.

माझ्या वर्गात शेवंता नावाची मुलगी होती. तिचा बाप गिरधर दूध घालायचा. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा शेत भावाकडे गेलं आणि बैलजोडी याच्याकडे आली. शेत नाही तर बैल काय करायचे, म्हणून ते विकून त्याने दोन म्हशी आणि इंजिनाची सायकल घेतली. घर सगळं त्या सायकलीवर चालायचं. बाजार बंद झाला तर म्हशीचं दूध कुणाला घालणार? नियम पुकारला त्याच दिवशी शेवंताची आई ताईबाई शाळेत आली.

"बाई, तुम्ही चला ना संगे," ती म्हणाली. "तठे सायेब काय इचारतीन, हाऊ गडी काय सांगी, काही भरोसा नही."

गेले मी. नगरपालिकेच्या व्हरांड्यात धनसिंग निरीक्षक टेबल टाकून बसला होता आणि सायकलींची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. गिरधरचा नंबर आला. धनसिंगने मान वर न करता सांगितलं, "घंटी वाजवा." गिरधरने वाजवली. "दिवा?" "शे," गिरधरने आहे म्हणून मान हलवली. "ब्रेक?" "शे ना, सायेब." कागदावर तीन खुणा झाल्या आणि पुढचा आला.

"धनसिंगभाऊ," मी म्हटलं, "घंटी ऐकू येते म्हणून तपासली. ब्रेक ऐकू येत नाही. त्याला उठावं लागेल."

"बाई, तपासणी झाली," तो म्हणाला. "बिल्ला पोळ्याला मिळेल, अध्यक्षसाहेबांच्या हातून."

नगराध्यक्ष रुपचंदशेठ यांच्या डोक्यातून निघालेली ती कल्पना होती. आता गावात बैल उरलेत किती, इंजिनाची सायकल हाच आजचा बैल, तेव्हा पोळ्याच्या दिवशी सगळ्या सायकली सजवून पुलावरून मिरवत आणायच्या, खाली तोरण बांधायचं, तोरणाखाली साहेब बिल्ले लावणार, आणि आमच्या शाळेच्या मुली आरत्या घेऊन उभ्या राहणार. सायकलींना कॅन लावायच्या आणि त्या दुधाने भरलेल्या हव्यात, रिकामी कॅन अपशकुनी दिसते. पेपरात फोटो येणार होता. ब्रेकची सोय नाही, पण फोटोग्राफरची केली होती.

मी हेडमास्तरांना घेऊन शेठकडे गेले. म्हटलं, "उताराच्या तोंडाशी पोरी उभ्या करू नका. भरल्या कॅनची सायकल तिथे थांबत नाही. मी रोज बघते."

शेठ हसले. "पुष्पाबाई, तुम्ही पोरींना बाराखडी शिकवा. गाव आम्ही सांभाळतो."

बाहेर आल्यावर हेडमास्तर हळूच म्हणाले, "बाई, आपण नगरपालिकेचं मीठ खातो." मी म्हटलं, मीठ खाते म्हणून पोरी विकल्या नाहीत. पोरी उभ्या राहायच्या त्या राहिल्याच. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. गटारीच्या पलीकडे, शाळेच्या भिंतीला लागून त्यांना ओळीने उभं केलं आणि सांगितलं, आरती लांबूनच ओवाळायची.

आता जे सांगते ते आमच्याकडच्या माणसांनाच सुचेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जोखडाने सोललेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळतात, चोळताना बैलाशी बोलतात, आज खांदे मळले उद्या जेवायला या म्हणतात. साहेबांनी पुकारलं की सायकल म्हणजे बैल. या माणसांनी ते मनापासून धरलं. ज्यांचे बैल गेले होते त्यांच्या दारात त्या संध्याकाळी सायकल धुऊन उभी होती आणि घरधनी तिला लोणी, तेल, हळद चोळत होता. दांड्याला चोळलं, मुठींना चोळलं. आणि बैलाचा खांदा कुठला, तर ज्यावर ओझं येतं तो. सायकलीचं ओझं चाकांवर येतं. म्हणून चाकांच्या कडांना सगळ्यात जास्त चोळलं, मायेने, बोटं आत घालून. ब्रेकची रबरं धरतात ती नेमकी त्याच कडांना.

पोळ्याच्या दुपारी पुलावर बँड वाजायला लागला. सायकली एकेक करून सुटल्या. झुली घातलेल्या, हँडलला बाशिंग बांधलेल्या. मला पहिल्या सायकलीलाच कळलं की काहीतरी बिघडलंय. हिलाल दूधवाल्याची होती ती. तो दोन्ही चपला रस्त्यावर घासत उतरत होता, चेहरा पांढराफटक. लोकांना वाटलं, ऐट करतोय. टाळ्या पडल्या. तोरणाच्या पुढे लांब जाऊन तो कसाबसा थांबला. धनसिंग धावत गेला आणि त्याला परत आणून बिल्ला लावून घेतला. फोटो झाला. दुसराही तसाच चपला घासत आला. त्यालाही बिल्ला मिळाला. मी ओरडत होते, थांबवा म्हणून. बँडपुढे माझं कोण ऐकतंय?

तिसरा गिरधर होता. त्याच्या कॅन सगळ्यात मोठ्या, काठोकाठ भरलेल्या. अर्ध्या उतारावर त्याने ब्रेक दाबले ते मला दिसलं, कारण दोन्ही हात मुठींवर आवळले गेले आणि सायकल होती त्याहून जोरात निघाली. चपला टेकल्या तर पायच मागे फेकला गेला. तोरणाखाली शेठ, कार्यकर्ते, फोटोग्राफर, आणि पलीकडे आरत्या घेतलेल्या पोरी. मोकळी अशी एकच जागा होती, पुलाच्या कठड्याची उतारापर्यंत आलेली दगडी भिंत. गिरधरने हँडल तिकडे वळवलं.

पोरी वाचल्या. सगळ्या. शेवंताच्या हातातलं ताटसुद्धा पडलं नाही, ती नुसती बघत राहिली. गिरधरची मांडी मोडली, दोन ठिकाणी. दूध उतारावरून वाहत तोरणाखाली आलं. मी धावत गेले तेव्हा उलट्या पडलेल्या सायकलीचं चाक अजून फिरत होतं. मी हाताने धरून थांबवलं आणि माझी बोटं पिवळी झाली, तुपकट पिवळी. तेव्हा मला सगळं समजलं.

गिरधर शुद्धीवर होता. "मी दाबा, बाई," तो म्हणत होता. "दोन्ही ब्रेक दाबात. थांबनीच नही."

त्याला जळगावला सिव्हिलमध्ये नेलं. आणि नगरपालिकेने काय केलं? आठवडा उलटायच्या आत त्याच्या घराला नोटीस चिकटवली. बिल्ला नसताना सार्वजनिक रस्त्यावर इंजिनाची सायकल चालवली, चाकांना तेल लावून जिवाला धोका निर्माण केला, सबब सायकल जप्त, आणि गिरधरला बाजारात दूध घालायला कायमची बंदी. बिल्ला नसताना! अहो, बिल्ला उताराच्या खाली ठेवला होता तुम्ही. तो घ्यायला माणसाने उतरायचं कसं, आकाशातून? लोणी लावणाऱ्याला अडाणी म्हणायचं, मग त्याला सायकल म्हणजे बैल असं सांगणारा कोण होता? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताईबाई नोटीस घेऊन आली तेव्हा रडतही नव्हती. "म्हशी इकाले लागतीन आते," एवढंच म्हणाली.

पुढे पंचनामा ठरला. नगरपालिकेचे लोक पुलावर येऊन जागा पाहणार, साक्षी घेणार आणि बंदी पक्की करणार. मला साक्षीला बोलावलं. हेडमास्तरांनी निरोप दिला, एवढंच सांगायचं की गिरधरच्या सायकलीला बिल्ला नव्हता. खरं आहे ते, म्हणून सांगायला हरकत काय? मी म्हटलं, येते.

जाताना हिलालकडे गेले आणि त्याची सायकल मागून घेतली. त्याने विचारलं, कशाला. मी म्हटलं, नगरपालिकेला दाखवायला. तो बिचारा भरल्या कॅनसकट सायकल ढकलत माझ्याबरोबर पुलावर आला.

पुलावर बरीच माणसं जमली होती. जळगावहून प्लास्टर घालून आणलेला गिरधर खाली शाळेच्या पायरीशी खाटेवर बसला होता, त्याला वर आणणं शक्य नव्हतं. रुपचंदशेठ छत्री धरून उभे होते. धनसिंगने कागद काढला आणि मला विचारलं, "बाई, गिरधरच्या सायकलीला बिल्ला होता का?"

"नव्हता," मी म्हटलं. "या सायकलीला आहे. बघा, तुम्हीच लावलाय." मी हिलालची सायकल पुढे केली. "तुमच्या तपासणीची आहे ना ही?"

"आहे."

"सुरक्षित आहे?"

धनसिंगने शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, "बिल्ला आहे म्हणजे आहेच. नियमच तसा आहे."

"मग बसा शेठ हिच्यावर," मी म्हटलं, "आणि खाली या. कॅन भरलेल्या आहेत, पोळ्याला होत्या तशाच. तोरणाच्या जागी मी उभी राहते. माझ्या शेजारी तुमच्या घरची माणसं उभी करा."

शेठ म्हणाले की त्यांना सायकल येत नाही. लोकांत खसखस पिकली, पण मला हसू येत नव्हतं. मी धनसिंगकडे वळले. "भाऊ, तुम्ही तर रोज कचेरीत सायकलीवर येता. खुणा तुम्ही केल्या. बसा."

धनसिंगने कागद शेठच्या हातात दिला आणि सायकल धरली. नाही म्हणायची सोय उरली नव्हती, सगळं गाव बघत होतं. त्याने एक पाय पॅडलवर ठेवला, उताराकडे पाहिलं. खाली शाळा सुटत होती, फाटकात पोरींची गर्दी झाली होती. त्याने पाय खाली घेतला. मग वाकला आणि ब्रेकची मूठ दाबली. मूठ सरळ दांड्याला जाऊन टेकली. पुन्हा दाबली. पुन्हा टेकली. पुढच्या चाकाला तर ब्रेकच नव्हता, कॅन लावायला अडचण होते म्हणून हिलालने तो कधीच काढून टाकला होता. धनसिंग बराच वेळ ती मूठ दाबत, सोडत राहिला. इतक्या सायकलींच्या कागदांवर खुणा केल्यावर नगरपालिकेच्या माणसाने पहिल्यांदा ब्रेकला हात लावला होता.

"काय ठरलं?" मी विचारलं.

सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरून, इंजिन बंद ठेवून, तो पायी उतार उतरायला लागला. भरल्या कॅनचं ओझं त्याला पुढे ओढत होतं, टाचा रोवत रोवत तो एकेक पाऊल टाकत होता. आम्ही सगळे मागून चाललो. शेठही. खाली पोचेपर्यंत धनसिंगचा सदरा घामाने भिजला होता.

गिरधर खाटेवरून हे सगळं बघत होता. धनसिंगने सायकल त्याच्यासमोर उभी केली. गिरधरच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही.

"सायेब," तो म्हणाला, "त्या दिन माले भी पायी उतर म्हणीसन सांगतात, तर मी उतरी जातू ना."