चेष्टेची पिशवी

सकाळचे सात वाजले होते. पांढुर्ण्याला लागून असलेल्या सावरगावातल्या एका घरी मुलगी जन्मली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होती आणि सुईण देवकाबाईंना जमिनीवरून उठता येत नव्हते. दोन बायकांनी काखेत हात घालून त्यांना उभे केले. गुडघ्यातून निघालेला कट्ट असा आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. सन १९५६, दिवाळीनंतरचा पंधरवडा.

मित्रांनो, त्या सकाळी मी जन्मले नव्हते. माझे कापड देवकाबाईंच्या यजमानांच्या, म्हणजे केशवरावांच्या अंगावर होते. ते पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार होते आणि ती त्यांची खाकी पँट होती. माझी रेती जाम नदीच्या पात्रात होती. आज मी एक जुनी, वीतभर रुंदीची रेतीची पिशवी आहे. मला घोट्याला बांधायचे आणि पाय उचलायचा, एवढाच माझा उपयोग. पण त्या उपयोगाने मला जे मिळाले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

देवकाबाई पन्नाशीला आल्या होत्या. उकिडवे बसले की किंवा पायरी उतरताना त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ येई. त्या निरगुडीचा पाला गरम करून बांधत. शेकाने बरे वाटे, पण पुन्हा बसले की कळ परत येई. त्यांचे काम बसण्याचे होते. त्यातच मुलगी छाया दिवाळीला माहेरी आली ती बाळंतपणासाठी राहिली. पहिलटकरीण. दिवस होळीच्या सुमारास भरणार होते.

"जवळ बसता नाई आलं त मी कायची तुही माय आन कायची सुईन?" देवकाबाई तिला म्हणाल्या.  छायालाही आईशिवाय दुसऱ्या कोणाचा हात नको होता.

म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. नुकतीच राज्यांची पुनर्रचना झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले, आणि राजधानी भोपाळ झाली. आधीचे मराठी डॉक्टर नागपूरकडे निघून गेले होते. त्यांच्या जागी रीव्याकडचे, हिंदी बोलणारे तरुण डॉक्टर आले होते. मी तिथे होते, केशवरावांच्या पायात. डॉक्टरांनी वाटी हलक्या हाताने दाबून पाहिली, पाय वाकवून, सरळ करून पाहिला.

"कटोरी टूटी नहीं है, बाई. जाँघ का मांस कमज़ोर पड़ गया है, वही कटोरी को सँभालता है. पाँव सीधा रखकर ऊपर उठाने की चेष्टा करो. रोज़ चेष्टा करो. बाद में टखने पर थोड़ी रेत बाँध लेना."

देवकाबाई उठल्या आणि मलमाची वाट न पाहता बाहेर पडल्या.

"अवो, दवाई त घेऊ दे," केशवराव मागून म्हणाले.

"नको. मी मरून राहिली दुखण्यानं, आन थो म्हन्ते चेष्टा करा. रोज करा म्हन्ते. या वयात कोनाची चेष्टा करू? आन पायाले रेती बांधा म्हन्ते. मी का बैल हाव?"

"मीबी आयकलं," केशवराव म्हणाले. "तरणा मानूस हाय. बोलला असन."

मग निरगुडीचाच पाला चालू राहिला. त्या हिवाळ्यात दोन घरची बोलावणी आली आणि देवकाबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदा, नाही म्हटले. दुसऱ्या वेळी निरोप आणणारा परत गेल्यावर त्या बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या, कारण बसायचे तर पुन्हा उठावे लागले असते.

एका दुपारी शेजारच्या पंचफुलाबाई बसायला आल्या. देवकाबाईंनी डॉक्टरची गोष्ट पुन्हा सांगितली. छाया विळीवर भाजी चिरत होती. अपमानाची गोष्ट म्हणून आईने ती आजवर तिच्यापासून लपवली होती, पण आज ती तिच्या कानावर पडली.

"माय, थांब. नेमका काय शब्द म्हनला थो?"

"चेष्टा."

छायाने विळी बाजूला सारली आणि पोट धरून हसू लागली. ती सातवीपर्यंत शिकली होती आणि शाळेत हिंदी होती. "अवो माय, हिंदीत चेष्टा म्हंजे प्रयत्न. पाय उचलाचा प्रयत्न करा म्हने थो डॉक्टर."

 देवकाबाई म्हणाल्या, "त सरळ कोशिश म्हनाव ना. कोशिश मले समजते."

"आता काय करता?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "मी त त्या डॉक्टरची गोष्ट अर्ध्या पांढुर्ण्यात सांगून आली."

त्याच आठवड्यात मी जन्मले. केशवरावांची पँट मांडीवर विरली होती. छायाने तिचा खालचा भाग कापला, दुहेरी शिवण घातली आणि दोन नाड्या लावल्या. जामच्या पात्रातून आणलेली रेती तिने धुतली, उन्हात वाळवली आणि चाळली, म्हणजे आईच्या घोट्याला एकही खडा टोचू नये. इतक्या मायेने रेती चाळलेली मी नंतर कुठे पाहिली नाही.

पण मला लगेच काम मिळाले नाही. आधी नुसता पाय. देवकाबाई गोधडीवर पाठ टेकून पडत, एक गुडघा वाकवत, दुसरा पाय ताठ ठेवून हातभर उचलत, थोडा वेळ धरून ठेवत आणि हळू खाली आणत. सुरुवातीला स्वतःचा पायच त्यांना जड जाई. मला पहिल्यांदा बांधले तेव्हा दुखले आणि त्यांनी मला कोपऱ्यात भिरकावले. छाया त्यांना पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली आणि मधे बसून दोन्ही बाजूंचे बोलणे समजावून सांगितले. डॉक्टरांनी सांगितले, रेती निम्मी करा, दुखले तर थांबा, आणि तूर्त उकिडवे बसू नका. चेष्टेचा घोळ ऐकून ते आधी लाजले, मग हसले. मग छायाच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या म्हाताऱ्या रोग्याला ते म्हणाले, "बाबा, कोशिश करो." मी देवकाबाईंच्या पिशवीत होते, मी ऐकले.

उकिडवे बसायचे नाही, मग बाळंतिणीजवळ बसायचे कसे? केशवरावांनी एक बुटकी तिवई ठोकून दिली.

"खुर्चीवरची सुईन!" पंचफुलाबाईंनी टोमणा मारला. "उद्या चष्मा लावशीन, परवा फी मांगशीन."

"तू हास," देवकाबाई पाय उचलता उचलता म्हणाल्या. "माही चेष्टा चालू हाय. तुही तू कर."

पौष गेला, माघ गेला. माझ्यात थोडी थोडी रेती वाढत गेली. देवकाबाई आता पायऱ्या कठडा न धरता उतरत. कळ पूर्ण गेली नव्हती, पण ती आता येऊन बसत नव्हती, येऊन जात होती.

होळीच्या दोन दिवस आधी, दुपारी, छायाला कळा सुरू झाल्या. देवकाबाई तिवईवर बसल्या. दिवेलागणीपर्यंत त्या तिथेच होत्या. शेवटच्या क्षणी तिवई कामाची राहिली नाही. त्यांनी ती मागे सारली आणि दोन्ही गुडघे जमिनीला टेकले. मुलगा झाला. त्यांनी बाळ पंचफुलाबाईंच्या हातात दिले. मग सगळ्या बायका त्यांच्याकडे पाहू लागल्या. एक जण काखेत हात घालायला पुढे आली.

"थांब," देवकाबाई म्हणाल्या. त्यांनी एक पाऊल पुढे रोवले, मांडीवर जोर घेतला आणि उठल्या. गुडघा कट्ट वाजला. पण त्या उभ्या होत्या आणि छायाकडे बघून हसत होत्या.

मी खुंटीवर होते. त्या वेळी माझ्याकडे कोणी पाहिले नाही, आणि त्याचे मला वाईट वाटले नाही. मला शिवणाऱ्या हातांना त्या दिवशी त्यांची आई मिळाली होती.

पुढे माझीही उपेक्षा झाली. गुडघा बरा, म्हणून मी धूळ खात राहिले. छाया सासरी नरखेडला गेली. ते मुंबई राज्यात होते आणि आता, १९६० सालापासून, महाराष्ट्रात आहे. मायलेकींची घरे दोन राज्यांत पडली. वर्षभराने देवकाबाईंची कळ परतली, तेव्हा त्यांनी मला झटकून खाली काढले आणि पुन्हा पाय उचलू लागल्या. त्यानंतर त्यांनी मला फार दिवस खुंटीवर राहू दिले नाही.

मित्रांनो, गुडघ्याची वाटी एकटी काही करू शकत नाही. तिला मांडी सांभाळते, आणि मांडीला रोजचे थोडे काम सांभाळते. दुखणे थांबले म्हणून ते काम थांबवू नका. गुडघा सुजला किंवा अडकला तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांचा शब्द कळला नाही तर रागावण्याआधी एकदा विचारा.

गेल्या बाजाराच्या दिवशी पंचफुलाबाई आल्या आणि मला पदराखाली घालून घेऊन गेल्या. "दार वाऱ्यानं आपटते, मागं ठेवाले काईतरी जड पाहिजे," असे त्यांनी सांगितले. देवकाबाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या पिशवीसाठी नरखेडला निरोप धाडला.

तेव्हापासून मी पंचफुलाबाईंच्या दारामागे आहे. काल संध्याकाळी त्या दोन घरांमधल्या कुंपणाशी गेल्या आणि इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "अवो देवका, पहिले डावा उचलाचा का उजवा?"

"जो दुखते थो."

"दोनी दुखते."

"मंग कोन्ताबी उचल. पन उचल."

पंचफुलाबाई परत आल्या. त्यांनी मला दारामागून उचलून गोधडीच्या उशाशी ठेवले. माझ्या गुंडाळलेल्या नाड्या मात्र अजून सोडलेल्या नाहीत.