मॅनेजरला आग्रह

छगनराव मॅनेजरला पोरांचं जेवान खायला घालीनच, ही शपथ मी सहादेवच्या मातीला गेले तवाच घेतली हुती. सहादेव म्हंजी आमच्या अनाथाश्रमातलं चार वर्साचं पोर. मी मनकर्णा, तिथली स्वैपाकीन. केडगावच्या म्होरं पुन्याच्या रस्त्याला हुता आमचा आश्रम.

दुष्काळाचं साल. आश्रमाला चांगला गहू यायचा, परदेशातनं दुधाची पावडर यायची. ते समदं मॅनेजरच्या हुकमानं मागल्या दारानं टेम्पोत बसून बाजारात जायचं, आन पोरांच्या ताटात लाल मिलोची, म्हंजी परदेशातनं आलेल्या हलक्या जवारीची भाकर, तीबी किडकी. सहादेवला ती पचंना, हगवन लागली. मी मॅनेजरच्या पाया पडले, म्हनलं, सायेब, वाटीभर दूध द्या. त्यो म्हनला, "बाई, अनाथ पोरांचे एवढे लाड नसतात." आठवड्यात पोर गेलं. मुडदा बशिवला त्याचा! माझा राग काय भाकरीवरली राख न्हाई, फुकली की उडाली.

मग ती गोरी बाई आली. हेल्गा तिचं नाव, जर्मनीची. पोरांची सेवा करायला आल्ती, तीबी फुकट. पुन्यात राहून मराठी शिकली हुती, पन बोलायची अशी की जनू पुस्तकच वाचतीया. मला आधी तिचाबी रागच आला. म्हनलं, आली गं बया! दोन दिस फोटू काढंल आन जाईल.

पन ती टँकरच्या रांगेत हंडा घिऊन हुबी राह्यली. पोरांच्या खरजेला आपल्या हातानं मलम लावलं. मॅनेजर मातर लई हुशार. ती आल्यापास्नं त्यानं कोठी उघडली, गव्हाच्या चपात्या आन दूध सुरू केलं. पोरं पेल्यात बघून मला इचारायची, "मावशी, ह्ये पांडरं काय हाय?" ही गोरी बाई आठवड्यानं रुळली की कोठीला पुन्ना कुलूप, ह्ये मला ठावं हुतं.

रविवारी तिच्या स्वागताची पंगत ठरली. आश्रमाचे अध्यक्ष आबासाहेब येनार हुते. मॅनेजरनं खीर-पुरी करायला सांगितली. तेवढ्यात हेल्गा चुलीपाशी आली आन म्हनली, "मावशी, पंगतीला मी वाढणार. कसे वाढतात?"

मला तर देवच पावला. म्हनलं, "बस बाई, सांगते. आमच्यात आग्रह करून वाढत्यात. मानूस नको म्हनला तर समजायचं, लाजतोय. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतनं वाढायचं." येक शबूद खोटा न्हाई. त्यो मॅनेजर दुसऱ्याच्या लग्नात असाच नको नको म्हनत ईस जिलब्या खायचा.

खीर-पुरी केली, पन ती पोरांच्या ओळीला धाडली. म्होरल्या ओळीसाठी किडक्या मिलोच्या भाकरी थापल्या आन पान्यासारखी डाळ केली. हेल्गानं इचारलं, "हे वेगळे का?" म्हनलं, "मोठ्या मानसांना साधंच आवडतं."

पंगत बसली. ताटात लाल भाकर पडली तसं मॅनेजरचं तोंड उतरलं. शेजारी आबासाहेब बसलेले. त्यांनी येक घास तोडला, भाकर उजेडाला धरून किडा बघितला, मॅनेजरकडं बघितलं. पाव्हनीसमोर बोलायचं कसं?

हेल्गा आली. मॅनेजर म्हनला, "नको, नको." ती हसून म्हनली, "लाजू नका!" आन भाकर टाकली. त्यानं हात आडवा धरला. तिनं हाताखालनं सरकिवली. वर डाळ ओतली. मी मागनं वरडले, "बाई, मॅनेजरसायेब लई लाजाळू हायेत, अजून वाढा!" त्यानं माझ्याकडं असं बघितलं की गिळतोय का काय. म्हनलं, गिळ. भाकर गिळ आधी.

तिसऱ्या भाकरीला त्यानं ताट ढकललं. "अहो, हे माणसांनी खायचं आहे का?"

"न्हाई ना, सायेब?" मी म्हनलं. "सहादेवला तर ह्येच घातलं. म्हनून मेला."

हेल्गा भाकर हातात धरून तशीच हुबी. "सहादेव कोण?" तिनं इचारलं. मग मीच सांगितलं, हळूहळू, तिला कळंल असं. गहू कुठं जातो, पावडर कुठं जाती, वाटीभर दूध मागितलं तर काय ऐकायला मिळालं, समदं. पोरंबी खायची थांबली.

आबासाहेबांनी हात म्होरं केला. "कोठीची किल्ली द्या. उद्यापासून येऊ नका."

मॅनेजरनं किल्ली दिली आन उठाय लागला. तवा हेल्गानं हातातली भाकर त्याच्या ताटात ठिवली. या खेपंला हसली न्हाई. "जेवा," म्हनली.

त्यानं आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेब म्हनले, "जेवा की. बाई एवढा आग्रह करतेय."

त्यो जेवला. घास घशात अडकायचा, डोळ्यांत पानी यायचं, तरी जेवला. ताट चाटूनपुसून साफ हुईस्तवर मी म्होरं हुबी हुते.

लोक अजून इचारत्यात, मनकर्णा, जीव गार झाला का? न्हाई झाला. त्यो जेवून उठला, हात धुतलं आन आपल्या घरी गेला. सहादेवला तेवढंबी जमलं न्हाई.