भोपळ्याची फेरी

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. भाजीचा नव्हे, पत्र्याचा. कोल्हापुरातल्या एका पेठेच्या फुटबॉल मैदानावर गुणफलकाच्या खिळ्याला अडकवायचा शून्याचा पत्रा तो मी. फलक सांभाळणाऱ्या पिराजीमामांनी मला स्वतः वाटोळं कापलं आणि माझ्यावर शून्य रंगवलं.

माझं नाव काढलं की लोक हसतात. क्रिकेटमध्ये भोपळ्यावर बाद झालेला मान खाली घालून परततो. गणितात भोपळा मिळाला की घरी बोलणी बसतात. आणि भोपळा फुटला की टाळ्या, म्हणजे मी गेलो याचाच आनंद! फक्त गोलकीपर माझी किंमत ओळखतो. समोरच्या संघाच्या नावाखाली मी टिकावं म्हणून तो जिवाचं रान करतो. म्हणूनच आमच्याकडे रीत होती. एकही गोल न खाल्लेल्या गोलकीपरनं मला डोक्यावर घेऊन मैदानाला फेरी मारायची. काय थाट असायचा माझा!

मग विजेवरचा फलक आला आणि मी पाण्याच्या रांजणावरचं झाकण झालो. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

मुलींच्या संघाची गोलकीपर अक्षता तिथं पाणी प्यायला यायची. यंदा प्रत्येक सामन्यात तिनं गोल खाल्ले होते. "गोलात चाळण उभी केलीया," असं लोक तोंडावर बोलायचे. अंतिम सामन्यातही गोल खाल्लास तर संघात दुसरी घेऊ, असं प्रशिक्षकांनी सांगून टाकलं होतं. अंतिम सामन्याच्या दिवशी पाणी पिऊन मला रांजणावर परत ठेवताना ती हळूच म्हणाली, "आज तुला डोक्यावर घेनार हाय बघ."

सामना गारगोटीच्या मुलींशी होता. आमचा एक गोल झाला आणि थोड्याच वेळात वीज गेली. नवा फलक काळा ठिक्कर पडला.

"लाईट गेली व्हय? जाऊ दे की," पिराजीमामा म्हणाले. त्यांनी मला रांजणावरून उचलून सदऱ्याला पुसलं, जुन्या फलकावर खडूनं गारगोटीचं नाव लिहिलं आणि त्याखालच्या माझ्या खिळ्याला मला अडकवलं. माझा जीव टांगणीला लागला. आता मला इथून मामा काढणार की अक्षता?

अगदी शेवटी गारगोटीची पुढची खेळाडू एकटीच गोलासमोर आली. तिनं जोरात मारलेला चेंडू थेट अक्षताच्या पोटावर आदळला. ती कळवळून खाली बसली, पण चेंडू तिनं कवटाळूनच धरला होता. सामना संपल्याची शिट्टी वाजली.

कठड्यावरून तिची आजी धोंडुबाई ओरडली, "चाळण न्हाय, तवा हाय माझी नात, तवा!"

अक्षता धावत आली. तिनं मला खिळ्यावरून उतरवून डोक्यावर घेतलं. माझ्या दुमडलेल्या कडेत अडकून राहिलेलं रांजणाचं पाणी तिच्या गालावर ओघळलं. ती हसत होती आणि रडतही होती, आणि सारं मैदान तिच्या नावानं ओरडत होतं. मध्येच वीज आली, पण नव्या फलकाकडे कुणी पाहिलंच नाही.

मित्रांनो, यापुढं कुठं भोपळा दिसला तर लगेच हसू नका. तो कुणी राखलाय, तेवढं आधी विचारा.

आता माझा खिळा मला परत मिळालाय. रांजणावर मामांनी लाकडी झाकण घातलंय.